उजव्या पायाची नाडी

माणूस समोर आला की माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते. ही खोड वाईट आहे हे मला मान्य आहे. भावाने एकदा त्याच्या नव्या शेजाऱ्याशी ओळख करून दिली. शेजारी बिचारा अर्ध्या चड्डीत झाडांना पाणी घालत होता. मी म्हटलं, "तुमच्या डाव्या पायावरचे केस गेलेत, रक्त कमी पोचत असेल, एकदा दाखवून घ्या." भाऊ त्यावरून मला अजून बोलतो. शेजाऱ्याने मात्र दाखवून घेतलं, आणि आता तो भावापेक्षा मलाच जास्त फोन करतो.

मी रक्तवाहिन्यांची सर्जन आहे. हृदय माझ्याकडे नाही, मेंदू तर नाहीच. तिथून निघून अंगभर फिरणाऱ्या ज्या नळ्या आहेत त्या माझ्या वाट्याला आल्या, आणि त्या बिघडतात मुख्यतः पायात. हृदयवाल्यांना लोक फुलं पाठवतात. माझ्याकडे येणारा माणूस मोजा काढायलाही लाजतो. आई म्हणायची, "एवढं शिकलीस, आणि शेवटी लोकांचे पायच धरलेस." ते खोटं नाही, सकाळी नऊपासून मी खरोखर तेच करते.

ओपीडीत रोग्याच्या खुर्चीपुढे एक बुटकं स्टूल आहे. त्यावर मी बसते, बुटांच्या नाड्या मी सोडते, मोजेही मीच काढते. सुरुवातीला लोक अवघडतात, "अहो मॅडम, राहू द्या" म्हणतात. पण बूट कुठे झिजलाय, मोज्याला कुठे डाग आहे, हे काढल्याशिवाय कळत नाही. शिवाय पाय आपल्या हातात असला की माणूस जरा कमी खोटं बोलतो. मग मी पावलावर दोन बोटं ठेवून नाडी बघते. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, असं सगळे म्हणायचे आणि मलाही ते खरं वाटायचं. माझ्या माघारी मला नाडीबाई म्हणतात. ती नाडी हाताची की पायजम्याची, हे मी विचारलेलं नाही.

नोकरीची पहिली सात-आठ वर्षं मी दिसेल तो पाय ऑपरेशनला घेत असे. हात शिवशिवायचे. मग एका माणसाचा पाय माझ्या ऑपरेशनमुळे गेला. नुसता चालत राहिला असता तर तो पाय त्याला आणखी दहा वर्षं पुरला असता. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि ते फार अवघड गेलं. तेव्हापासून दहातल्या आठ जणांना मी सांगते की चाला. दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला. बंद पडलेल्या मोठ्या नळीच्या आजूबाजूला लहान लहान नळ्या आपोआप वाट काढतात. लोकांना वाटतं, एवढी मोठी सर्जन आणि औषध काय तर चाला. पण ते चालतात, कारण मी त्यांच्यावर ओरडते.

ओरडण्याबद्दलही सांगून टाकते. माझ्या विभागात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एक धडा मिळतो. आपल्या बोटांच्या टोकांनाही नाडी असते. पाय जोरात दाबला तर तीच आपल्याला लागते, आणि वाटतं की पायच उडतोय. रोग्याचं पाऊल पार थंड पडलेलं असलं तरी आपली बोटं "आहे, आहे" म्हणत राहतात. म्हणून नाडी लागली की आधी मोजायची आणि दुसऱ्या हाताने रोग्याच्या मनगटाशी जुळवायची. हा धडा विसरणाऱ्यांची मी वॉर्डात, सगळ्यांसमोर, बिनपाण्याने केली आहे. एकाला म्हटलं होतं, स्वतःचीच तब्येत बघायची असेल तर घरी बसून बघ. तो पुढे चांगला सर्जन झाला, पण माझ्याशी अजून मोजकंच बोलतो.

चौथ्या मजल्यावरच्या आमच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर मात्र सगळ्यांशीच मोजकं बोलतात. वीस वर्षं आम्ही एकत्र काम करतोय. ऑपरेशन झालेल्या पायाची नाडी दर अर्ध्या तासाने बघायची असते. त्या ती तीस मिनिटांनी बघतात, एकतिसाव्या मिनिटाला कधीच नाही. इतक्या वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नव्हतं. बोलायचं काम मी एकटी करत असे आणि ऐकायचं त्या.

मास्तर माझ्याकडे आले ते बायकोला घेऊन. खरं तर बायको त्यांना घेऊन आली होती. दोघांची ड्रायव्हिंग स्कूल होती. मास्तर गाडी शिकवायचे आणि बाकीचं सगळं बायको बघायची. वय छप्पन्न, हसरा चेहरा, आणि उजव्या बुटाचं टोक झिजून पांढरं पडलेलं.

"पन्नास पावलं चाललो की पोटरी धरते," ते म्हणाले. "थांबलो की जाते. परत चाललो की परत."

"सिगारेट?"

"सोडली."

"कधी?"

"खाली गेटजवळ," बायको म्हणाली.

मास्तर हसले. मी हसले नाही. त्यांचा मोजा उतरवून मी पावलावर बोटं ठेवली, घोट्यामागे ठेवली, गुडघ्यामागे ठेवली. कुठेच काही नव्हतं. जांघेत नाडी चांगली लागत होती. म्हणजे नळी मांडीत बंद पडलेली.

"मॅडम, डावा असता तरी चाललं असतं," मास्तर म्हणाले. "माझा धंदा या उजव्यावर आहे. शिकणारा घाबरला की ब्रेक सोडून भलतंच दाबतो. मग माझ्या बाजूला दुसरा ब्रेक असतो, तो मी दाबतो. तीस वर्षांत गाडी कुठे आपटू दिली नाही."

"दोनदा," बायको म्हणाली.

"त्यातली एक भिंतच चुकीच्या जागी होती."

मी त्यांना चालायला लावलं. आठ महिने ते चालले. दर महिन्याला येऊन तक्रार करायचे की गाडी शिकवणाऱ्या माणसाला तुम्ही पायी हिंडवता, लोक हसतात. पण पन्नास पावलांची चारशे झाली होती, आणि सिगारेटही खरोखर सुटली होती, कारण आता त्याबद्दल बायको काहीच बोलत नव्हती. मी मनातून खूश होते. नवव्या महिन्यात अंगठ्याला बुटाने लागल्याचं निमित्त झालं. जखम भरेना. अंगठा काळपट पडायला लागला आणि पाय पलंगाखाली लोंबता ठेवल्याशिवाय त्यांना झोप येईनाशी झाली. चालून भागण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

मी कागदावर पाय काढून दाखवला. "याच पायातली एक साधी शीर काढायची आणि ती जांघेपासून गुडघ्याखालपर्यंत जोडायची. बंद पडलेल्या रस्त्याला बाजूने नवा रस्ता."

"म्हणजे डायव्हर्जन," मास्तर म्हणाले.

"हो, डायव्हर्जन."

"आणि तेच बंद पडलं तर?"

असा प्रश्न आला की मी गोलमाल बोलत नाही. "तर पाय जाईल. गुडघ्याखालून."

मास्तरांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी पुढे एकही विनोद केला नाही. बायकोने मी काढलेला कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "कधी करायचं?"

ऑपरेशन सकाळी सुरू झालं आणि दुपारी दीडच्या सुमारास संपलं. कमरेखालचा भाग बधिर करून केलं होतं, त्यामुळे मास्तर अधूनमधून जागे असायचे आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना गाडीच्या गिअरबद्दल काहीबाही सांगायचे. शेवटी पाऊल गुलाबी झालं. नाडी बोटाखाली अशी उडत होती की लहान मुलालाही सापडली असती. जिथे ती लागत होती तिथे मी पेनाने फुली मारली, म्हणजे वॉर्डात शोधाशोध नको. बाहेर येऊन बायकोला म्हटलं, "पाय उत्तम आहे." आणि तळमजल्यावर ओपीडीत गेले. तिथे चाळीस माणसं खोळंबली होती.

तीन वाजता वॉर्डातून सिस्टरांचा फोन आला.

"मॅडम, मास्तरांच्या पायाची नाडी लागत नाही."

"फुली मारलीय ना?"

"फुलीवरच बघितलं. यंत्र आयसीयूत गेलंय, ते मागवलंय."

यंत्र म्हणजे पायातल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं खिशात मावेल एवढं उपकरण. बोटांना शंका आली तर ते लावतात. मला बोटांना शंका येणं हेच पटत नसे. "यंत्र कशाला हवं? मी येते," असं म्हणून मी फोन ठेवला. लिफ्ट बंद होती. मी चार मजले चढले, तेही रागाने, दोन दोन पायऱ्या एका वेळी घेत. माझं वय अठ्ठावन्न आहे.

पाऊल मघापेक्षा किंचित गार वाटलं. खोलीतला एसी फार वाढवलाय असं मी मनात ठरवून टाकलं. फुलीवर दोन बोटं ठेवली. काही लागेना. जरा दाबली. लागली. चांगली टणाटण लागली.

"ही काय," मी म्हटलं. दुसरा हात पलंगाच्या कठड्यावर होता. त्या हाताच्या बोटाने मी प्रत्येक ठोक्याला टकटक करून दाखवलं. "ही बघा. ही बघा. ही बघा. सिस्टर, वीस वर्षं झाली. आता चष्म्यासारखा बोटांचाही नंबर काढून घ्या."

बाजूच्या दोन नर्स गालात हसल्या. सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या. मास्तरांनी गुंगीत डोळे उघडून विचारलं, "सगळं ठीक ना?" मी "एकदम" म्हटलं, तक्त्यावर "३.१०, नाडी उत्तम" असं लिहून सही ठोकली आणि खाली आले. उतरताना आपण बरोबर होतो याचं समाधानच वाटत होतं.

पावणेचारला एका आजीचा पाय माझ्या हातात होता. वर पाहिलं तर ओपीडीच्या दारात सिस्टर उभ्या. वीस वर्षांत त्या ओपीडीत कधी आलेल्या नव्हत्या.

"मॅडम, बाहेर या."

"इथेच बोला ना."

"बाहेर या," त्या परत म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. मी आजींचा पाय हलकेच खाली ठेवून उठले.

बाहेर पॅसेजमध्ये त्या म्हणाल्या, "तुम्ही कठड्यावर टकटक करत होतात ना, ती मी मोजली. पंधरा सेकंदांत सव्वीस. म्हणजे मिनिटाला एकशे चार. मास्तरांच्या मॉनिटरवर बासष्ट होते."

मॉनिटर मी पाहिलाच नव्हता.

"तुम्ही जिना चढून आला होतात. धाप लागली होती तुम्हाला. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. पण तुम्ही लिहून गेलात, आणि मला वाटलं यंत्र आलं की बघू. यंत्र आत्ता आलं. त्यात काही ऐकू येत नाहीये."

त्या क्षणी मला लाज वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिल्यांदा राग आला, आणि तो त्यांचाच. वीस वर्षं गप्प बसलेल्या बाईने नेमकं आज मोजावं. तो राग जेमतेम दोन श्वास टिकला. मग हिशोब लागला. एकशे चार. ती नाडी मास्तरांची नव्हती, माझी होती. पहिल्या दिवसाचा धडा. ज्या चुकीवरून मी माणसांना रडवलं होतं ती मी सगळ्यांसमोर, वर टकटक करून दाखवत केली होती.

मी पुन्हा चार मजले चढले. या वेळी आधी भिंतीला टेकून श्वास खाली बसू दिला. मग एक हात मास्तरांच्या मनगटावर ठेवला आणि एक पावलावर. मनगट शांतपणे ठोके देत होतं. पाऊल गप्प होतं, घोट्यापर्यंत गार आणि मेणासारखं फिकट. बधिर असल्यामुळे त्यांना दुखत नव्हतं, म्हणून ते तक्रारही करत नव्हते. नव्या शिरेत गुठळी झाली होती यात शंका नव्हती. पाय रक्ताशिवाय फार काळ तग धरत नाही, आणि त्यातली पस्तीस मिनिटं मी माझ्या तोऱ्यात घालवली होती.

थिएटर तयार करायला सांगितलं, भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. मग तक्ता मागवला आणि माझ्या नोंदीखाली लिहिलं, "वरची नोंद चुकीची. तेव्हा मोजलेली नाडी माझी स्वतःची होती." खाली सही केली. मग बायकोची संमती घ्यायला गेले. सिस्टर कागद घेऊन माझ्यामागे आल्या.

ती बाकावर बसून डबा उघडत होती. सकाळपासून काही खाल्लेलं नसावं. मला बघून तिने डब्याचं झाकण परत लावलं.

"पाय उत्तम आहे असं मी तुम्हाला म्हटलं होतं," मी म्हणाले. "आता तो तसा नाही. नव्या शिरेत गुठळी झालीय. लगेच परत उघडावं लागेल."

"बरं."

"आणखी एक. सिस्टरांना हे तीन वाजताच कळलं होतं. त्यांनी मला बोलावलं. मी आले, आणि मला वाटलं की नाडी लागतेय. ती माझ्याच बोटांची होती. त्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ गेला."

"तुमच्या बोटांची?"

मी बोटं पुढे केली. का केली कुणास ठाऊक. तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"त्या अर्ध्या तासाने पाय जाईल का?"

"बहुतेक नाही. पण नक्की असं मी आता म्हणणार नाही."

"परत तुम्हीच करणार?"

"दुसऱ्या सर्जनना बोलावता येईल. पण त्यांना यायला तास लागेल, आणि पायाला तेवढा वेळ द्यावा असं मला वाटत नाही."

तिने डबा पिशवीत ठेवला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मला आरडाओरड्याची सवय आहे, करण्याची जास्त, पण ऐकण्याचीही. शेवटी तिने शांतपणे विचारलं, "आमच्या गाडीला दोन ब्रेक असतात. शिकणाऱ्याचा एक आणि ह्यांचा एक. तुमच्या इथे दुसरा ब्रेक कुणाकडे असतो?"

मी मागे वळून सिस्टरांकडे बोट दाखवलं.

"मग सिस्टरांना आत घेऊन जा," ती म्हणाली. "पाय वाचला की नाही ते मला ह्या सांगतील. तुम्ही सांगायचं नाही."

"चालेल," मी म्हटलं. तिने सही केली. सिस्टर पुटपुटल्या, "मी थिएटरात जाऊन पंधरा वर्षं झाली, मॅडम." मी म्हटलं, "चपला बाहेर काढायच्या, बाकी काही बदललेलं नाही."

गुडघ्याखालचे टाके उघडले. नवी शीर हाताला लागली. वरून येणाऱ्या ठोक्याचा माग घेत गेले, तर गुडघ्यामागे तो थांबत होता. आणखी थोडं मोकळं केलं तेव्हा दिसलं. शीर मांडीतून खाली ओढून घेताना तिला अर्धा पीळ पडला होता. पाय सरळ असताना तो दिसत नव्हता. पाय जरा वाकला की रस्ता दाबला जायचा. हाही माझाच प्रताप. पण त्या पिळाकडे बघून मला जे वाटलं त्याला सुटकाच म्हणावं लागेल. कारण सापडलं होतं, आणि ते हाताने सुधारता येण्यासारखं होतं. कारणच सापडत नाही तेव्हा सर्जन नुसती बोटं मोडत बसते.

गुठळी ओढून काढली. शीर कापली, पीळ सोडवला, केसाहून बारीक दोऱ्याने परत जोडली. मी एकाही माणसावर ओरडले नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मध्ये एकदा विचारलं, "मॅडम, तुम्हाला बरं वाटतंय ना?" रक्त रोखून धरणारे चिमटे सोडले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सव्वासहा झाले होते.

पावलाचा रंग आधी बदलला नाही. मग अंगठ्याच्या बाजूने हळूहळू बदलत गेला. मी फुलीवर बोटं ठेवली, अगदी अलगद. खाली नाडी उडत होती. मला खात्री होती. पण खात्री मला तीन वाजून दहा मिनिटांनीही होती. मी हात काढून घेतला.

"सिस्टर," मी म्हटलं, "तुम्ही बघा."

त्या कोपऱ्यातून पुढे आल्या. हातमोजे घालण्याआधी त्यांनी तळवे एकमेकांवर चोळून गरम केले. चादरीखालून एक हात मास्तरांच्या मनगटावर ठेवला, दुसरा पावलावर, आणि डोळे मिटले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कुणी न सांगता मॉनिटरचा आवाज बंद केला आणि पडदा भिंतीकडे वळवला.

त्यांनी पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं नाही. त्या पूर्ण मिनिट मोजत राहिल्या. मी हात छातीशी धरून उभी होते. एकतीस वर्षांत माझ्या तोंडून उत्तर ऐकायला किती माणसं त्या बाकावर बसली असतील, आणि "सांगते, सांगते" म्हणत मी त्यांना किती सहज बसवून ठेवलं असेल. एक मिनिट केवढं मोठं असतं हे मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. मला भीती वाटत होती. साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती.

"आहे," सिस्टर म्हणाल्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, "अडुसष्ट. दोन्हीकडे अडुसष्ट."

डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. अडुसष्टच होते.

"काय अडुसष्ट?" मास्तरांनी चादरीपलीकडून विचारलं.

"पाय चालू आहे तुमचा," सिस्टर म्हणाल्या. "झोपा."

मागे जे स्टूल होतं त्यावर मी बसले आणि रडले. हात निर्जंतुक ठेवायचे असल्यामुळे डोळेही पुसता येत नव्हते, सगळं मास्कमध्ये उतरत होतं. थोड्या वेळाने उठले, नवे हातमोजे घातले आणि एकेक टाका घालून पाय बंद केला. इतकं हलकं मला कुठल्याही बक्षिसाने वाटलं नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा ती बाकावर नव्हती, थेट दाराशीच उभी होती. ठरल्याप्रमाणे मी एक पाऊल मागे राहिले. तिने सिस्टरांकडे पाहिलं.

"वाचला," सिस्टर म्हणाल्या. "मी स्वतः मोजलं. पाऊल गरम आहे."

तिने दाराची चौकट धरली. कपाळ हातावर टेकवलं. सिस्टर तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं आणि जाताही येत नव्हतं. माझ्याशी बोलायचं नाही हे तिने ठरवलं असेल तर ते बरोबरच होतं.

मग तिने चेहरा पुसला आणि माझ्याकडे वळली.

"आता तुम्ही सांगा," ती म्हणाली. "काय झालं होतं ते सगळं."

मी बाकावर तिच्या शेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.